उलटं बटण

भाचीने संत्र्याएवढा एक गोल स्पीकर टेबलावर पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवला, फोनवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "मामा, ऐक हं. आणि मग मला सांग, यात आई कुठे आहे?"

गाणं सुरू झालं. आधी गिटार आली, तिच्या मागोमाग बेस, मग की-बोर्ड. आता ताईची जागा. ती जागा त्याला झोपेतून उठवून विचारली असती तरी सांगता आली असती, गिटारची तार चौथ्यांदा छेडली की ताई "डावीकडे बघ बाई" म्हणत आत येते. तार चौथ्यांदा छेडली गेली. ताई आली नाही. गिटार आपली चालतच राहिली, जणू कुणाची वाट बघायची असते हे तिला ठाऊकच नाही. त्याने मान पुढे काढली. अगदी मागे, भिंतीच्या पलीकडे कुणीतरी गाऊन नुकतंच निघून जावं तसा एक पुसट घुमारा होता, तेवढाच. शब्द नव्हते. त्याने स्पीकर उचलून कानाला लावला, हलवून पाहिला, उलटा करून खाली काय लिहिलंय ते वाचलं. "डबडं स्वस्तातलं असणार," तो म्हणाला. भाची म्हणाली, "हेडफोन लावला की आई असते. यात लावलं की नसते. बाकीची सगळी गाणी यात नीट वाजतात, फक्त हेच नाही." तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि त्याच्याइतका जाणता माणूस तिच्या ओळखीत दुसरा नव्हता.

भावजी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून चष्मा पुसत होते. ते चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढतात, तीस वर्षं झाली. दुसऱ्याच्या डोळ्यांत बघून बघून त्यांच्या बोलण्यालाही तपासणीचं वळण लागलंय, हे दिसतं का, आता बरं की मघाशी बरं. "डोळ्याचं मला विचार, कानाचं ह्याला," असं ते भाचीला लहानपणापासून सांगत आले. आजही त्याला जेवायला बोलावलं होतं ते कानाच्याच कामासाठी. भाचीला ध्वनिमुद्रण शिकायचं होतं. गाणं गायचं नव्हतं, गाणं घडवायचं होतं. त्याचा एक वर्षाचा रीतसर कोर्स होता, फॉर्म भरून तयार होता, पालकांच्या सहीची जागा तेवढी रिकामी होती, आणि उद्या संध्याकाळी पाचला मुदत संपत होती. "तू तर न शिकताच झालास," भावजी म्हणाले, "तूच नेहमी म्हणतोस, पाण्यात पडलं की पोहता येतं. मग हिला वर्षभर बाकावर बसवू की सरळ तुझ्याकडे पाठवू? तू सांगशील ते. उद्या सकाळी तिथे नव्या मुलांना वर्ग दाखवणार आहेत, तिच्याबरोबर जाऊन बघून ये आणि पाचच्या आत मला फोन कर. मी सही करतो, नाहीतर फॉर्म फाडतो." किती सोपं करून टाकलं होतं त्यांनी! एरवी त्याने तिथेच सांगून टाकलं असतं की फाडा, कान असला की झालं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण टेबलावर ते गोल डबडं अजून वाजत होतं, गाणं दुसऱ्या कडव्यात शिरलं होतं, आणि दुसऱ्या कडव्यातही ताई नव्हती.

धंद्यात त्याला कानसेन म्हणतात. गाणाऱ्या तानसेनाच्या शेजारी नुसतं ऐकणाऱ्याला चिडवायचा शब्द तो, पण त्याने बावीस वर्षं बिरुदासारखा मिरवला. पहिल्या स्टुडिओत तो वायरी गुंडाळायच्या कामाला लागला, तेव्हा एकदा मुद्रण चालू असताना सगळ्यांसमोर म्हणाला होता की शेजारच्या खोलीतला पंखा ऐकू येतोय. कुणालाच येत नव्हता. मालकाने जाऊन पाहिलं तर पंखा खरंच चालू. "अरे, हा तर आपला कानसेन!" मालक म्हणाला आणि नाव चिकटलं. त्याच सुमारास ताईने त्याच्यासाठी असाच एक फॉर्म आणला होता. तेव्हाही कोर्स होते. ताईने तो स्वतःच्या वळणदार अक्षरात भरला, जन्मतारीख, पत्ता, शिक्षण, सगळं, आणि शेवटी सहीच्या ओळीवर पेन्सिलीने बारीक फुली मारून दिली, म्हणजे ह्या गाढवाला कुठे सही करायची ते कळावं. ताई त्याला गाढवच म्हणायची. त्याने फॉर्म आठ घड्या घालून स्पीकरच्या टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवला. तेव्हा त्याला स्वतःचं फार हसू आलं होतं, काय पण विनोद केला म्हणून. पुढे ते टेबल भंगारात गेलं, फॉर्मसकट.

त्याचा स्वतःचा स्टुडिओ म्हणजे शिंप्याच्या दुकानाखालचं तळघर. वर मशीन चालू झालं की छतातून घरघर उतरते. मग केरसुणीच्या दांड्याने छताला दोनदा ठोकायचं, शिंपी पाय थांबवतो, वाक्य मुद्रित होतं, पुन्हा एकदा ठोकलं की शिवण चालू. असं करत करत त्याने औषधांच्या जाहिराती केल्या, आंधळ्यांसाठी पुस्तकं केली, फोनवर तिष्ठत ठेवणाऱ्या कंपन्यांचे "आपला वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे" वगैरे निरोप केले. ही कामं एका साध्या आवाजाची असतात, जसा घेतला तसा द्यायचा, त्यात कुणाला कारागिरी नको असते. कारागिरी त्याने आपल्या माणसांसाठी राखून ठेवली होती. आणि कारागिरी म्हणजे ते बटण. तो चोवीस वर्षांचा असताना चहाचा कप उचलताना कोपर लागून ते दाबलं गेलं होतं, शून्यावर तिरकी रेघ मारलेलं एक चिमुकलं बटण, ते कशासाठी असतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याने कुणाला विचारलंही नव्हतं. आवाजाच्या दोन प्रती करायच्या, एक डावीकडे ठेवायची, एक उजवीकडे, आणि उजवीवर हे बटण दाबायचं. आहाहा! दोन स्पीकरांच्या मध्ये खिळ्याला टांगल्यासारखा असलेला आवाज एकदम सुटायचा, खोलीभर व्हायचा, कानांच्या मागून यायचा, माणूस गात नसून खोलीच गातेय असं वाटायचं. त्याने त्याचं नाव ठेवलं उलटं बटण, आणि या कानाची खबर त्या कानाला लागू दिली नाही. एका मित्राच्या कविता, वडिलांची तीन भजनं, आणि ताईचं गाणं. सगळ्यांत जास्त ताईचं गाणं. ते ऐकून भावजी रडले होते, म्हणाले होते की ही घरात सगळीकडे आहे असं वाटतं. तेव्हा ताईला जाऊन पंधरा दिवस झाले होते. त्यानंतर बारा वर्षं ते गाणं दिवाणखान्यातल्या जुन्या दोन खोक्यांच्या प्लेअरवर वाजत राहिलं. मागच्या महिन्यात प्लेअर बिघडला म्हणून भाचीने ते फोनवर घेतलं आणि हे डबडं विकत आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो भाचीबरोबर गेला. तिसरा मजला, नवा रंग, पाऊल टाकलं तरी आवाज होऊ नये अशी जाड सतरंजी. काचेच्या एकामागे एक खोल्या होत्या आणि प्रत्येकीत एकेक पोरगं पाठमोरं बसलेलं. एवढी शांतता त्याला सहन होईना. छतातून काहीच घरघरत नव्हतं. त्याने मनातल्या मनात शेरे मारायला सुरुवात केली, फोम चुकीचा लावलाय, स्पीकर भिंतीला फार जवळ आहेत. पण शेरे जमत नव्हते. स्पीकर बरोबर होते. शिकवणारी तिशीतली होती, गळ्यात किल्ल्या, आवाज बसलेला, जांभई दाबत बोलणारी. त्याला ती बरी वाटली आणि त्याचाच राग आला. नव्या मुलांना तिने पुढे बसवलं, पालकांना मागच्या बाकावर. तो पालकांत बसला. त्याच्या बाजूला एका मुलाचा बाप मांडीवर पिशवी घेऊन बसला होता, त्याने विचारलं, "तुम्ही काय करता?" आणि कानसेन म्हणाला, "असंच, किरकोळ." असं का म्हणालो ते त्याला कळलं नाही. रात्रभर तो ते गोल डबडं डोक्यात उलटसुलट करत होता, आणि कुठेतरी, अगदी तळाशी, त्याला अंदाज आला होता.

शिकवणारी म्हणाली, "आज शिकवणार काहीच नाही, फक्त एक गंमत दाखवते." तिने कुणा बाईचा आवाज लावला, साधा, मधोमध. मग पडद्यावर शून्यावरच्या तिरक्या रेघेचं बटण मोठं करून दाखवलं आणि दाबलं. आवाज सुटला, खोलीभर झाला. पुढची मुलं "वॉव" म्हणाली. बाजूचा बापही म्हणाला. कानसेनच्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांत त्याचं ते बटण दुसऱ्या कुणी दाबलेलं त्याने पाहिलं नव्हतं, आणि एक क्षणभर, हसू नका, त्याला आनंद झाला, कुणीतरी आपल्या गावचं भेटावं तसा. "छान वाटतं ना?" ती म्हणाली. "आता बाजारातले निम्मे स्पीकर एकतोंडी असतात. डावं-उजवं एकत्र करतात आणि एकाच तोंडातून बाहेर टाकतात. तसं करून बघू." तिने दुसरं बटण दाबलं. आवाज गेला. कमी झाला नाही, लांब गेला नाही, गेला. मुलं आधी गप्प झाली, मग हसायला लागली. "कुठे गेली?" कुणीतरी ओरडलं. ती म्हणाली, "दाराला दोघं दोन बाजूंनी सारख्याच जोराने ढकलतायत, दार हलेल का? डावीकडे आवाज पुढे येतो त्याच वेळी उजवीकडे तो मागे जातो. बेरीज शून्य. हे पहिल्याच आठवड्यात शिकवतो आम्ही, मग पोरं कानाला खडा लावतात." बाजूच्या बापाने हसत विचारलं, "पण मॅडम, एवढा बावळटपणा करतं कोण?" "करतात हो," ती म्हणाली. "आपलं आपण शिकलेले करतात. कान चांगला असतो बिचाऱ्यांचा, म्हणून तर फसतात." पुन्हा हशा झाला. पुढच्या रांगेतलं एकच डोकं हसण्याने हललं नाही. मग ते डोकं हळूच मागे वळलं आणि भाचीने त्याच्याकडे पाहिलं. तो छताकडे बघत राहिला, शिंपी मशीन कधी सुरू करतो याची वाट बघावी तसा.

निघताना शिकवणारीने त्यालाही एक फॉर्म दिला. भाचीनेच बहुतेक तिला सांगितलं असावं. "काम करणाऱ्यांसाठी संध्याकाळची बॅच आहे, तुमच्या वयाचेही येतात," ती म्हणाली, अगदी साधेपणाने. दोघं रस्त्यावर आली. सिग्नलपाशी भाची थांबली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, ही सवय तिला त्या गाण्यानेच लावली होती. ताईने ते तिच्यासाठीच रचलं होतं, ती सात वर्षांची असताना, रस्ता ओलांडायचं गाणं. *डावीकडे बघ बाई, उजवीकडे बघ, कोणी नाही आलं तर माझ्याकडे बघ.* रस्त्याच्या मधोमध भाची म्हणाली, "तू मुद्दाम नाही केलंस." तो म्हणाला, "हं." "सगळ्यांचंच तसं केलंयस?" "आपल्या माणसांचं." पलीकडे पोचल्यावर म्हणाली, "मामा, मला शिकायचंय. पण तू नको म्हणालास तर मी तुझ्याकडेच येईन, खरंच. आणि तू पण ये ना इथे. संध्याकाळी." तिची बस आली. एकोणीस वर्षांची पोर त्याला सांभाळून घेत होती, आणि तो सांभाळून घेतला जात होता. कानामागून आली आणि तिखट झाली, अशी एक म्हण त्याच्या डोक्यात येऊन गेली. पण ती तिखट झाली नव्हती, हेच जास्त झोंबलं.

तळघराकडे चालताना त्याने मनाशी एक नकार जुळवायला घेतला. जुळवणं अवघड नव्हतं. कॉम्प्युटर वर्षभरात जुने होतात, कोर्समधून बाहेर पडणाऱ्या दहांतल्या नवांना काम मिळत नाही, भावजींना ह्यातलं काय कळतंय, ते मान डोलावतील. भाची तळघरात येईल, वायरी गुंडाळेल, मामाचं ऐकेल. ती कुणाला सांगणार नाही. बावीस वर्षांचा कानसेन घरात तरी कानसेन राहील. किती नीच विचार आहे हा, त्याला वाटलं, आणि तरी तो विचार चाललाच, पायांबरोबर. आपण एवढे क्षुद्र आहोत हे त्याला नवीन नव्हतं, फक्त त्याचा इतका स्पष्ट आवाज पूर्वी कधी आला नव्हता.

तळघरात येऊन त्याने दिवा लावला. वर मशीन चालू होतं. ताईचं गाणं त्याच्याकडे शेवटच्या रूपातच उरलं होतं, डावं आणि उजवं, बस. वेगवेगळ्या वाद्यांचं मूळ मुद्रण ज्या डिस्कमध्ये होतं ती कधीच बंद पडली होती. पण आता त्याला माहीत झालं होतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी, मागच्या बाकावर बसून, पहिल्या आठवड्याचा धडा त्याला समजला होता, आणि डोकं तर त्याचं चालायचं. नुसती डावी बाजू घेतली की ताई आणि वाद्यं दोन्ही परत मिळतात, भाचीच्या डबड्यातही. दोन मिनिटांचं काम. त्याने ते केलं, फाइल भाचीला पाठवून दिली, घड्याळात पाहिलं, सव्वातीन. मग तिथेच थांबायचं होतं. पण त्याला दुसरंही सुचलं. उजवी बाजू उलटी करून डावीत मिसळली, तर जे दोन्हीकडे सारखं आहे ते मरेल आणि जे उलटं आहे ते एकत्र येईल. म्हणजे गिटार जाईल, बेस जाईल, आणि ताई एकटी उरेल. त्याने केरसुणीच्या दांड्याने छताला दोनदा ठोकलं. मशीन थांबलं.

ताई एकटी गायला लागली. की-बोर्डचा थोडा गाळ मागे राहिला होता, बाकी काही नाही. एवढ्या जवळून त्याने तिला कधी ऐकलं नव्हतं. कसं ऐकणार? मी तुकडे ऐकत नाही, मी गाणं ऐकतो, हा त्याचा बाणा. नुसता आवाज वेगळा काढून ऐकणं त्याला पोस्टमॉर्टेम वाटायचं. पहिल्या दोन ओळींनंतर त्याला काहीतरी खटकलं, आणि काय ते कळायला आणखी दोन ओळी लागल्या. ताई श्वासच घेत नव्हती. चार ओळी गायली, एकदाही नाही. मग आठवलं. श्वास त्यानेच कापले होते. पडद्यावर आवाजाच्या डोंगरांमध्ये श्वासाच्या बारीक टेकड्या दिसतात, त्या त्याने एका बैठकीत पुसून काढल्या होत्या, कानाने नाही, डोळ्याने. खूप होत्या, तेव्हा त्याला कटकट वाटली होती, दर तीन-चार शब्दांमागे एक. ताईला सांगितलं पाहिजे की श्वास नीट घे, असंही वाटलं होतं. पुढे दोन महिन्यांनी तिच्या फुप्फुसांचं निदान झालं. डॉक्टर म्हणाले होते की आतून कडक होत चालली आहेत, कमीत कमी वर्षभर हे चाललं असणार, घरात कुणाच्या लक्षात नाही आलं का? तेव्हा सगळे एकमेकांकडे बघत राहिले होते. पंखा ज्याला भिंतीपलीकडून ऐकू येतो, त्याच्याकडे कुणीच पाहिलं नव्हतं. त्यानेही नाही.

दोन कडव्यांमध्ये गिटार एकटी वाजते तेवढी जागा आली. तिथे आता गिटार नव्हती, शांतता असायला हवी होती. तिथे तो श्वास होता. एकच, त्या जागेतली टेकडी गिटारखाली बुडून जाईल म्हणून त्याने कापायची राहू दिली होती. तो श्वास आत जाताना शिट्टीसारखा वाजला, अर्ध्यात अडला, पुन्हा लागला. आणि मग ताई बोलली. गाण्यात नाही, बोलण्यात, माइकपासून तोंड जरा वळवून. "बास रे आता. पुरत नाहीये." आणि तिच्या कानावरच्या हेडफोनमधून गळून माइकमध्ये शिरलेला, मुंगीच्या आवाजाएवढा, पण स्वच्छ, दुसरा एक आवाज म्हणाला, "एकदाच, ताई. एकदाच. थांबू नकोस." आणि ताईने दुसरं कडवं उचललं.

त्याने ते थांबवलं. त्याला ते आठवत नव्हतं, काही केल्या आठवत नव्हतं. एकोणीस वेळा घेतलं होतं ते गाणं, हे आठवत होतं, भावजींना त्याने कौतुकाने सांगितलंही होतं, एकोणीस टेक घेतले, तडजोड नाही. पण ती बास म्हणाली हे त्याने ऐकलं नव्हतं. मग त्याची नजर समोरच्या दुसऱ्या बटणावर गेली, लाल, अंगठ्याएवढं, रोजच्या वापराने मधे घासलेलं. काचेच्या पलीकडच्या माणसाशी बोलायचं बटण. ते दाबून धरलं की आपला आवाज तिकडे जातो, आणि शिट्टी वाजू नये म्हणून तेवढ्या वेळापुरते इकडचे स्पीकर बंद होतात. तो बोलत होता म्हणून त्याला ऐकू आलं नाही. इतकं साधं. ह्याला कसला कोर्स लागतो? हे कुठल्या आठवड्यात शिकवतात? तो खुर्चीत बसून राहिला. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही, नुसते कान गरम झाले, लहानपणी ताईने पिरगाळल्यावर व्हायचे तसे. वर शिंप्याने बराच वेळ वाट पाहिली असावी, मग त्यानेच पायाने जमिनीवर दोनदा ठोकून विचारलं, झालं का? कानसेनने एकदा ठोकून सांगितलं, झालं.

खिशातला फॉर्म काढून त्याने टेबलावर पसरला. नाव, वय, पत्ता त्याने भरलं. पुढे "पूर्वीचा अनुभव" म्हणून दोन ओळी सोडल्या होत्या. त्याने बावीस लिहिलं आणि वर्षं लिहायच्या आधी पेन थांबलं. शिकून आता काय ऐकायचं होतं? जे ऐकायचं होतं ते होऊन गेलं होतं, त्याच्यासमोर, काचेच्या पलीकडे, एकोणीस वेळा. सहीच्या ओळीवर पेन्सिलीची फुली नव्हती. त्याने फॉर्मची घडी घातली, मग तिची आणखी एक घडी, आणि हात तिसऱ्या घडीकडे गेल्यावर तो दचकला आणि फॉर्म तसाच खिशात कोंबला.

चार वाजून वीस मिनिटांनी त्याने भावजींना फोन लावला. दुकानात गिऱ्हाईक असावं, मागे कुणीतरी अक्षरं वाचत होतं. "सही करा," तो म्हणाला.

"हो? अरे पण तूच म्हणायचास की—"

"चुकीचं म्हणायचो, भावजी. तिला घाला. माझ्याकडे नका पाठवू."

"काय झालं रे? आवाज बसलाय तुझा."

"काही नाही. पाचच्या आत जायला हवा फॉर्म."

"ती इथेच येऊन बसलीये तासभर, पेन हातात घेऊन," भावजी हसले. त्यांना केवढं हलकं वाटलं होतं ते त्यांच्या हसण्यात कळत होतं. "हे घे, बोल तिच्याशी. मी तेवढ्यात सही करतो. तू सांगितलंस ना, मग मिटलं. डोळ्यांना निदान तक्ता असतो समोर, कानाचं आम्हाला काय कळतंय."

भाचीने फोन घेतला. आधी ती नुसती नाकाने हसली, ताईसारखी. मग म्हणाली, "थँक्यू, मामा. आणि तू पाठवलेलं पण आलं. मी तो स्पीकर बरोबरच आणलाय, मागच्या खोलीत जाते, थांब. तुझ्यासोबत ऐकायचं म्हणून मी अजून लावलं नाही."

डावी बाजू. डाव्या बाजूत सगळंच होतं. गिटारखाली का होईना, पण होतं. बारा वर्षं खोलीभर पसरून विरलेलं ते आता एका तोंडातून, एका जागेवरून येणार होतं. "ऐक," तो घाईने म्हणाला, "घरी जाऊन ऐक, मी एकदा आणखी जरा नीट करून—"

"शू," भाची म्हणाली. "बोलू नकोस. तू बोललास की मला ऐकू येत नाही."

तो बोलायचा थांबला. फोनमधून, दुकानाच्या मागच्या खोलीतून, त्या गोल डबड्यातून गिटार आली, बेस आला, तार चौथ्यांदा छेडली गेली आणि ताई आत आली. लहान, बारीक, मधोमध. *डावीकडे बघ बाई.* भाचीने श्वास आत ओढल्याचा आवाज झाला. तो उभाच राहिला, कान फोनला दाबून, आणि ओळी मोजत राहिला. चौथी ओळ संपली. गिटार एकटी सुरू झाली. तिच्याखाली त्याला काही ऐकू आलं नाही, फोनवर येण्यासारखं ते नव्हतंच, आणि त्याला वाटलं, सुटलो. दुसरं कडवं सुरू झालं आणि लगेच थांबलं. भाचीने थांबवलं होतं. तिने ते मागे नेलं. गिटार पुन्हा आली. तिने पुन्हा मागे नेलं. तिसऱ्यांदा वाजवून तिने ते बंद केलं. तिचा कान चांगला होता, हे त्यानेच भावजींना ती चार वर्षांची असताना सांगितलं होतं.

"मामा," ती म्हणाली, "'एकदाच, ताई' म्हणतोय तो आवाज तुझा आहे?"

वर मशीन चालू होतं. त्याने ठोकलं नाही.

"हो," तो म्हणाला.